गिअरबॉक्सचे तेल आणि खानदेशचा उन्हाळा

धुळे : इंजिनाचे तेल न चुकता बदलणाऱ्या कारमालकाला गिअरबॉक्समधील तेलाची आठवण सहसा होत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल 'आयुष्यभरासाठी' भरलेले असते, असे काही मोटार कंपन्या सांगत आल्या, हे त्याचे एक कारण. हे आयुष्य नेमके कोणाचे, याचा खुलासा मात्र क्वचितच होतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक वेगवान मोटारींना आठ गिअरचा गिअरबॉक्स पुरविणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीचीच शिफारस ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदलण्याची आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहणाऱ्या धुळे-जळगावात ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत हे तेल प्रामुख्याने वंगण असते. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल दाब देऊन गिअर बदलते, उष्णता वाहून नेते आणि क्लचच्या चकत्यांमधील घर्षणही सांभाळते. भारतात २०१७ मध्ये आलेल्या २३० अश्वशक्तीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधील दोन्ही क्लच तेलातच बुडालेले असतात. मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकांच्या रांगेमागे अशी मोटार मुंगीच्या पावलांनी चढते, तेव्हा चकत्या अर्धवट घसरत राहतात आणि ती सारी उष्णता तेलात उतरते. या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचे तेल ६० हजार किलोमीटरला, फिल्टरसह बदलावे लागते.

खरी मेख तेल बदलल्यानंतर आहे. या गिअरबॉक्समधील पातळी तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंश असतानाच तपासायची असते. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे तेल इंजिन सुरू होण्यापूर्वीच या मर्यादेच्या काठावर पोहोचलेले असते. तापून फुगलेले तेल पातळीच्या छिद्रातून बाहेर येते. मेकॅनिकला ते पुरेसे वाटते, बूच बसते आणि गिअरबॉक्समध्ये तेल कमीच राहते. पुढे पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो व क्लच घसरू लागतात. दुरुस्तीचा खर्च मग लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणूनच हे काम रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीवर सकाळीच करून घ्यावे आणि तापमान स्कॅनरवर स्वतः पाहावे. हाताने चाचपून केलेला अंदाज येथे चालत नाही.

तेलाच्या रंगावर विसंबणेही धोक्याचे, कारण लाल रंग हा केवळ मिसळलेला असतो. चुकीच्या तेलाची किंमत कंपन्यांनाही मोजावी लागली आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम जगभरातील सुमारे १६ लाख मोटारींसाठी घेतली. उष्ण व दमट हवेत, सतत थांबत-थांबत चालणाऱ्या मोटारींत विद्युत बिघाड होण्याची शक्यता आढळली होती. खानदेशची हवा कोरडी असली, तरी बिलावरील तेलाचा दर्जाक्रमांक मोटारीच्या पुस्तिकेशी ताडून पाहणे मालकाच्याच हिताचे आहे.

गिअर पडताना बसणारा धक्का, 'डी'वर टाकल्यावर मोटार हलण्यास लागणारा विलंब किंवा जळका वास ही लक्षणे दिसू लागली, की केवळ तेल बदलून भागेलच असे नाही. तोवर चकत्या झिजलेल्या असू शकतात.