हालचाल तुमची, अवतार कुणाचा?

गेममधलं एखादं पात्र झक्कास नाचतं आणि आपण म्हणतो, 'काय भारी ग्राफिक्स!' पण त्या ग्राफिक्सच्या आत बऱ्याचदा एक जिताजागता माणूस असतो. अंगाला घट्ट बसणारा सूट घालून, घाम गाळत नाचलेला. या तंत्राचं नाव मोशन कॅप्चर, लाडाने 'मोकॅप'.

गंमत साधी आहे. सुटावर सांध्यांजवळ चमकणारे छोटे गोळे चिकटवतात. चारी बाजूंचे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाशात ते टिपतात. एकच गोळा अनेक कॅमेऱ्यांना दिसला की तो नेमका कुठे आहे हे संगणक काढतो. त्यातून हलणारा सांगाडा तयार होतो आणि त्यावर हवा तो अवतार चढवता येतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्यात ना? तसाच खेळ, फक्त दोरी दिसत नाही.

प्रेक्षकही खेळात

मार्च २०२१. कोविडमुळे थिएटरं बंद. तेव्हा ब्रिटनच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने 'ड्रीम' हा प्रयोग थेट ऑनलाइन केला. पोर्ट्समथमध्ये कलाकार मोकॅप सूट घालून वावरत होते, आणि घरबसल्या लोकांना दिसत होतं जंगल आणि त्यात फिरणारा दगडगोट्यांचा 'पक'. तिकीट काढलेले प्रेक्षक आपल्या स्क्रीनवरून काजवे सोडून पकला वाट दाखवू शकत होते. म्हणजे नट, संगणक आणि प्रेक्षक असा तिघांचा मिळून प्रयोग!

त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी 'बायपेड'मध्ये खऱ्या नर्तकांसोबत मोकॅपमधून रेखाटलेल्या आकृत्या नाचवल्या. पुढे 'लूप्स'साठी त्यांच्या हातांच्या हालचाली टिपल्या गेल्या. २००८ मध्ये त्या कलाकृतीचा कोड आणि नृत्यरचना इतर कलाकारांसाठी खुली झाली. घ्या, खेळा, नवं काहीतरी करा!

पण विचारलं कुणी?

कनिंगहॅम यांनी आपणहून दिलं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. एकदा टिपलेली हालचाल फाईल बनते. ती फाईल कितीही वेळा, कुठल्याही अवताराला लावता येते. नर्तक घरी गेला तरी त्याचा नाच कामावरच!

काइल हानागामी या कोरिओग्राफरने २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या कंपनीवर दावा लावला. गेममधल्या अवताराने आपल्या स्टेप्स उचलल्या, अशी त्याची तक्रार होती. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला, पण २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला. नाच म्हणजे नुसत्या सुट्या पोझेस नव्हेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतले व्हिडिओ गेम कलाकार संपावर गेले. आवाज देणाऱ्यांसोबत मोकॅप करणाऱ्यांनाही एआयपासून संरक्षण हवं, ही मुख्य मागणी. संप जवळपास ११ महिने चालला.

आपल्याकडे? कॉपीराइट कायद्यातल्या 'परफॉर्मर'च्या व्याख्येत नट, गायक, नर्तकच काय, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपलं नाव लावून मागण्याचा हक्कही दिला. हक्क आहे, पण तो मागावा लागतो.

उद्या कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा मित्राच्या स्टार्टअपसाठी कुणी म्हणेल, 'अरे, जरा नाचून दाखव, फक्त डेटा हवाय.' जरूर नाचा! पण आधी तीन गोष्टी लिहून घ्या. माझं नाव कुठे येणार? हा डेटा नक्की कशासाठी वापरणार? आणि दुसऱ्या कामाला किंवा एआयला शिकवायला वापरायचा झाला, तर मला परत विचारणार का?

समोरचा म्हणेल, 'एवढं काय त्यात?' त्याला सांगा, त्यात मी आहे.