अवडंबराला वर्ध्याचं उत्तर

शुक्ल यजुर्वेदाच्या ३०व्या अध्यायात पुरुषमेधाच्या निमित्ताने एक लांबलचक यादी येते. कोणत्या देवतेसाठी कोणता माणूस, अशी ती यादी. तीत ‘शब्द’ म्हणजे नाद, त्याच्या वाट्याला येतो आडंबर वाजवणारा. आडंबर हे तेव्हा एका नगाऱ्याचं नाव होतं. पुढे संस्कृतात तोच शब्द रणातल्या गर्जनेला आणि हत्तीच्या चीत्काराला लागू झाला. अखेर तो फुगवलेल्या, दणदणाटी बोलण्यालाही चिकटला. मराठीत त्याचं अवडंबर झालं. आपण कर्मकांडाचं अवडंबर म्हणतो, शब्दांचं अवडंबर म्हणतो. क्षुल्लक गोष्टीचा गाजावाजा करणाऱ्याला ‘उगाच अवडंबर माजवू नका’ असंही सुनावतो. तिन्ही ठिकाणी तक्रार एकच असते, आवाजाच्या मानाने ऐवज कमी असल्याची.

याच्या शेजारचे शब्द मराठीत कमी नाहीत, पण प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. पाल्हाळ म्हटलं की दोष लांबीचा. शब्दबंबाळ म्हटलं की दोष गर्दीचा. नाटकी म्हणताना आपल्याला भावनेच्या खरेपणाबद्दल शंका असते, तर भाषणबाजी म्हणताना बोलण्यामागच्या कृतीबद्दल. पल्लेदार हा शब्द तर बहुतेक वेळा कौतुकानेच येतो. अवडंबर यांतल्या पहिल्या चारही दोषांना पोटात घेतं आणि त्यात मिरवण्याची हौस मिसळतं.

या दोषाची सर्वांत जुनी आणि नेमकी चिकित्सा आपल्या काव्यशास्त्रात झाली, आणि तिथे त्याच्या विरुद्ध बाजूला जे नाव उभं राहिलं ते विदर्भाचं होतं.

वैदर्भी आणि गौडी

सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी देशोदेशींच्या कवींच्या आवडी सांगितल्या. उत्तरेकडच्यांना श्लेष प्रिय, दक्षिणेकडच्यांना उत्प्रेक्षा आणि पूर्वेकडच्या गौडांना अक्षरांचं डंबर, अशी त्याची विभागणी होती. डंबर म्हणजे आपल्या अवडंबरातलंच डंबर. दंडीने ‘काव्यादर्शा’त वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग समोरासमोर ठेवले. वैदर्भ मार्गाचे प्राण म्हणून त्याने दहा गुण सांगितले. त्यांतला प्रसाद म्हणजे शब्द कानी पडताच लोकांना ठाऊक असलेला अर्थ मनात उतरणं. गौडांना मात्र फारसा रूढ नसलेला शब्दही चालतो, कारण तो विद्वत्तेचा दिसतो, असं निरीक्षण दंडीने नोंदवलं आहे. आजच्या कोणत्याही व्यासपीठावरचा फुगीर वक्ता त्यात ओळखू येईल.

पुढे वामनाने रीती, म्हणजे पदरचनेची धाटणी, हाच काव्याचा आत्मा मानला आणि सर्व गुणांनी युक्त अशी वैदर्भी श्रेष्ठ ठरवली. ही नावं त्या त्या प्रदेशात त्या रीती आढळल्या म्हणून पडली, प्रदेशामुळे काव्याला काही मिळत नाही, असंही त्याने स्पष्ट केलं. भामहाला तर हा भेदच गतानुगतिक वाटत होता. नेमकेपणाने वापरलेली गौडीही चांगली असू शकते, हे त्याचं म्हणणं विसरू नये. रौद्र आणि वीर रसाला ओज लागतं, जोडाक्षरं लागतात, लांब समास लागतात. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचं जीवित मानलं. म्हणून वजनदार शब्द वापरणं हा दोष नव्हे. ते वजन प्रसंगाला पेलत नसेल, तर तिथे अवडंबर सुरू होतं.

धाम नदीकाठची राजधानी

या चर्चेतून वर्धा जिल्ह्यात यायला फार लांब जावं लागत नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन हा पाचव्या शतकातला. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही त्याची आई. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनातून निघाले, नंतरचे प्रवरपुरातून. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेलं पवनार म्हणजेच प्रवरपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केलं. पुढे काही अभ्यासकांनी रामटेकजवळच्या मनसरचं नाव पुढे केलं. पवनारला १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं. तिथल्या विनोबा भावे यांच्या आश्रमाच्या परिसरात सापडलेली वाकाटककालीन शिल्पं आजही आश्रमात पाहायला मिळतात.

या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाकाव्य आहे, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. ज्याच्या राजशासनाची भाषा संस्कृत, त्याच्या नावावरचं महाकाव्य प्राकृतात असावं, याला महत्त्व आहे. महाराष्ट्री ही सर्वांत उत्तम प्राकृत, असं सांगताना दंडीने दाखला दिला तो ‘सेतुबंधा’चाच. म्हणजे एकाच ग्रंथात वैदर्भ मार्गाची थोरवी आहे आणि विदर्भाच्या राजाच्या प्राकृत काव्याचीही. हे काव्य काही अलंकारांशिवाय उभं नाही. समुद्र आणि सेतू यांची भव्य वर्णनं त्यात भरपूर आहेत. वैदर्भीचा विरोध अलंकाराला नव्हता, अर्थाच्या आड येणाऱ्या दणदणाटाला होता.

रंगभूमीचं माप

मराठी कानाला पल्लेदार भाषेची गोडी लागली ती नाटकामुळे, आणि त्यातही विदर्भाचा वाटा आहे. कोटिबाज गद्याचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर विदर्भातले. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी अखेरचा श्वास घेतला तो २३ जानेवारी १९१९ रोजी, नागपूरजवळच्या सावनेरला. गडकऱ्यांच्या संवादांतले अनुप्रास आणि चढत जाणारी वाक्यं यांना अवडंबर म्हणणं अन्यायाचं होईल. ती भाषा ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची होती, आणि ‘एकच प्याला’तला व्यसनात बुडणारा सुधाकर किंवा सोसत राहणारी सिंधू यांच्या व्यथेचं वजन तिच्यावर होतं. तीच लय सत्कार समारंभात, शोकसभेत, उद्घाटनात उसनी आणली की मात्र शब्द मोठे राहतात आणि व्यथा निघून जाते. नाटकी हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, त्याचं कारण या उसनवारीत आहे. त्यात नाटकाचा दोष नाही.

काशीहून वर्ध्याला

फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात रत्नजडित राजेमहाराजांसमोर गांधीजी बोलायला उभे राहिले. त्यांनी त्या दागिन्यांवरच बोट ठेवलं, ते उतरवून देशबांधवांसाठी विश्वस्त म्हणून जपा असं सांगितलं. अॅनी बेझंट यांनी मध्येच हरकत घेतली आणि सभा विस्कटली. त्या वेळी काशीत शिकत असलेल्या विनायक नरहरी भावे या तरुणाने वर्तमानपत्रांत ते भाषण वाचलं, गांधीजींना पत्र लिहिलं आणि ७ जून १९१६ रोजी कोचरबच्या आश्रमात त्यांची भेट घेतली. हेच विनोबा. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्याला आले. १९२३ मध्ये त्यांनी इथून ‘महाराष्ट्र धर्म’ काढलं.

विनोबांच्या गीताईचा उगम त्यांच्या आईच्या एका अडचणीत आहे. संस्कृत गीता कळत नाही, मराठीतली दे, असं रुक्मिणीबाईंनी सांगितलं. विनोबांनी वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. वामन पंडित म्हणजे यमकांचे बादशहा. तेही अवघड जातंय, मग तूच का लिहीत नाहीस, असं आईने विचारलं. आई १९१८ मध्ये गेली. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत विनोबांनी वर्ध्यात गीताई लिहिली. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ दर रविवारी एक, अशी गीतेवरची १८ प्रवचनं त्यांनी कैद्यांसमोर दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर मजूर होते, शेतकरी होते, व्यापारी होते, शिकलेले कार्यकर्तेही होते. दंडीने ज्याला प्रसाद म्हटलं त्याची याहून कडक परीक्षा कुठली? विनोबांनाही शब्दांच्या व्युत्पत्तींशी खेळायला, संस्कृत वचनं पेरायला फार आवडे. पण तो खेळ ऐकणाऱ्याला आत घेणारा होता, कारण वाक्य लिहिताना समोर आई होती. वर्ध्यात गोपुरीच्या गीताई मंदिरात आज गीताईचे श्लोक शिळांवर कोरलेले आहेत. त्या मंदिराला छत नाही, आत मूर्तीही नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला आले, ते गाव पुढे सेवाग्राम झालं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती असावं, असं मांडलं. हात आणि तोंड यांची सांगड घालण्याचाच तो विचार होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारला युद्धविरोधी बोलले. तिथे बोलणं हीच कृती होती आणि तिची किंमत तुरुंग होती. १४ जुलै १९४२ रोजी ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यातच केला. त्याला पुढच्या महिन्यात मुंबईत ‘करेंगे या मरेंगे’ अशी जी हाक मिळाली, तिच्यात दोन क्रियापदं होती, विशेषण एकही नव्हतं.

आज या कसोटीचं काय करायचं

वर्ध्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं पाहिली. १९६९ मध्ये अध्यक्ष होते पु. शि. रेगे, थोडक्या शब्दांत सांगणारे कवी. फेब्रुवारी २०२३ मधल्या ९६व्या संमेलनाचे अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर होते. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. बोलायचं कुणी, कुणासाठी आणि कुणाच्या भाषेत, हा प्रश्न दोन्ही मंडपांचा होता.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांची. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपासून शेवटच्या टाळीपर्यंत भाषण कुणीतरी लिहून दिलेलं असतं. मुठी कुठे आवळायच्या, आवाज कुठे कापरा करायचा हेही शिकवलेलं असतं. दहा वर्षांची मुलगी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर घडवलेल्या हुंदक्यासह बोलते, तेव्हा तिला आपण धीट करत नाही. स्वतःच्या अनुभवापासून दूर कसं जायचं ते शिकवतो. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो, तिथल्या मुलांना वेचणी, गाठी, पावसाने भिजलेला माल, चुकारा न मिळालेलं घर हे सगळं प्रत्यक्ष ठाऊक असतं. त्यावर त्यांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत तीन मिनिटं बोलावं, आणि परीक्षकाने हातवाऱ्यांऐवजी ऐकणाऱ्याला काय नवं कळलं यावर गुण द्यावेत.

ग्रामसभेलाही हीच कसोटी लावता येते. ठराव वाचून झाल्यावर मागे बसलेल्या बाईला तो तिच्या शब्दांत सांगता आला, तरच तो मंजूर समजावा. गावाच्या नावाने घेतलेला निर्णय गावाला कळलाच नसेल, तर वरचे सगळे ‘सन्माननीय’ आणि ‘उपरोक्त’ हे अवडंबरच. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला विसरू नये, एवढीच वैदर्भीची मागणी आहे, आणि ती पुरी करायला फार शिकलेलं असावं लागत नाही.