रीलमधली तिरपी चाकं आणि रनाळ्याची सुतळी

दिवाळीत मावसभाऊ सुरतहून रनाळ्याला आला तो गाडीचा नवा अवतार घेऊनच. गाडी तीच, जुनी हॅचबॅक; पण लोअर केलेली आणि पुढची चाकं वरून आत झुकलेली. ‘ट्रॅक सेटअप आहे,’ हे ऐटीत. पोरांनी फोटो काढले. मीही काढले. मग पंक्चरवाल्या काकांनी विचारलं, ‘‘गाडी एक बाजूले वढस का?’’ स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं आणि टायरची आतली कड दाखवली. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत घासला होता. त्याच टायरवर पठ्ठ्या मावशीला मागे बसवून हायवेवर शंभरने आला होता!

अशा गाड्या तुमच्याही फीडमध्ये येत असतील. ट्रॅकवाले चाक तिरपं करतात त्याला कारण आहे. जोरात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि सगळा भार बाहेरच्या टायरच्या कडेवर जातो. चाक आधीच वरून आत झुकवलेलं असेल, तर नेमकं वळणात ते जमिनीवर सपाट टेकतं आणि पकड मिळते. हा कल म्हणजे कॅम्बर. रोजच्या गाडीत तो साधारण शून्य ते उणे १ अंश, ट्रॅकवर उणे २-३ अंश. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, जिथे फॉर्म्युला भारतसाठी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम स्वतः बनवलेल्या गाड्या नेतात, तिथे २.१ किलोमीटरमध्ये वळणामागून वळण असतं. तिथे हा कल कामाला येतो. आपल्या रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मग भार पडतो फक्त आतल्या कडेवर, आणि भर पावसात ब्रेक दाबला की रबर कमीच टेकलेलं असतं.

पण खरा टायरखाऊ वेगळाच आहे: टो. दोन्ही पंजे आत वळवून थोडं चालून बघा. चप्पल फरफटते ना? चाकांचंही तेच होतं, दर किलोमीटरला. आणि स्प्रिंग बदलून गाडी खाली आणली, की स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलतो, टो हलतो. त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते. भावाने तेवढंच केलं नव्हतं. स्प्रिंगवर हजारो घातले, काहीशे रुपये वाचवले.

आम्ही अंगणातच मोजलं. यात जुगाड वाटेल, पण रेसिंग टीमही ट्रॅकवर दोरा ताणूनच टो मोजतात. सपाट जागा, स्टिअरिंग सरळ. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर सुतळी ताणायची, पुढच्या दोन हबपासून समान अंतरावर, मागच्या दोन हबपासूनही. मग सुतळीपासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजायची. १४ इंची रिमवर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ अंश. कंपनीचा आकडा बहुधा अंशाच्या अगदी छोट्या भागात असतो. आमच्या डाव्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सुतळीला ४ मिलिमीटर जवळ निघाली. काका हसले नाहीत.

एक लक्षात ठेवा: आपल्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो बदलता येतो, कॅम्बर कंपनीने फिक्स ठेवलेला असतो. म्हणून ‘अलाइनमेंट झाली’ एवढ्यावर गाडी घेऊन निघू नका. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंटआउट मागा. त्यात कॅम्बर लालच दिसत असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा बदललंय. आणि हो, नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत.

भावाने जुन्या स्प्रिंग डिकीतच ठेवल्या होत्या, हे नशीब. भाऊबीजेला त्या परत बसल्या, दोन टायर नवे आले. ट्रॅकवर जायचंय हे अजून म्हणतोच. काकांनी मात्र सुतळी मोजून परत घेतली.