पापणी आत वळते तेव्हा

डोळ्यात सारखं कुसळ टोचतंय, ही तक्रार नाशिक जिल्ह्याच्या कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात कुणालाच नवी नाही. त्यामुळे सत्तरीतल्या आजोबांचा डोळा लाल होऊन गळू लागला की घरचे मेडिकलमधून थेंब आणतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कुसळ काही सापडत नाही, कारण टोचत असतात ते पापणीचे स्वतःचेच केस. खालची पापणी आत वळलेली असते. नेत्रतज्ज्ञ याला एंट्रोपिअन म्हणतात.

खालच्या पापणीत चिवट तंतूंची एक पट्टी असते. नाकाच्या आणि कानशिलाच्या बाजूने ती ताणून धरलेली असते आणि तिची खालची कड एक पातळ पडदा खाली ओढून ठेवतो. वय वाढलं की हे सगळे ताण जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे सैल पडतात. मग डोळा मिटणारा स्नायू वर सरकतो आणि पापणीची कड आत ढकलतो.

गंमत अशी, की तपासणीच्या वेळी पापणी कधी कधी अगदी सरळ दिसते. म्हणून डॉक्टर सांगतात, ‘‘बाबा, डोळे गच्च मिटा. आता उघडा.’’ तेवढ्यात कड आत गेलेली दिसते. पुढे खालची पापणी बोटाने खाली ओढून सोडतात. निरोगी पापणी लगेच डोळ्याला चिकटते. सैल पापणी पुढची उघडझाप होईपर्यंत तशीच लोंबते. डोळ्यात फ्लुओरेसिनचा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिलं, की केसांनी बुबुळावर काढलेले ओरखडे हिरवे चमकतात.

खरी भीती त्या ओरखड्यांची आहे. त्यांतून जंतू शिरले की बुबुळावर जखम होते, ती भरली तरी फूल राहतं आणि नजर जाते. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. डॉक्टरांनी न तपासता असे थेंब घालू नयेत, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं. चिमट्याने केस उपटणं हाही इलाज नव्हे. काही आठवड्यांत ते पुन्हा उगवतात आणि आखूड कोंब जास्तच टोचतात.

बुबुळ ओलं ठेवणारे थेंब, रात्री मलम, पापणी गालाकडे ओढून लावलेली चिकटपट्टी, एवढ्यावर काही दिवस निभावतं. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो. पापणीतून दोन-तीन टाके घालून कड बाहेर वळवता येते, पण दुखणं उलटू शकतं. टिकाऊ उपाय शस्त्रक्रियेचाच. बाहेरच्या कोपऱ्याशी पट्टी आखूड करून हाडाच्या आवरणाला शिवतात आणि सुटलेला पडदा पुन्हा जोडतात. भूल पापणीपुरतीच देतात आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

वरची पापणी आत वळली तर कारण बहुतेकदा वेगळं असतं. आतल्या अस्तरावर व्रण पडून ते आक्रसतं. खुपऱ्यांनी, म्हणजे ट्रॅकोमाने, असे व्रण पिढ्यान्‌पिढ्या दिले. त्याविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1963 साली सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ट्रॅकोमा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं मान्य केलं. जुने व्रण असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे मात्र अजूनही तपासायला हवेत. पापणी आत वळण्याचं हे दुखणं आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या नावाने त्याचं वर्णन आहे, आणि शस्त्रक्रियाही: भुवई आणि पापणीच्या केसांमधली जवाच्या आकाराची कातडी काढायची, केसाने शिवायचं, कपाळाला पट्टी बांधून टाके तिला अडकवायचे. कातडी आखूड करून कड बाहेर वळवण्याचं ते तत्त्व वाचताना मला आजही थक्क व्हायला होतं.

द्राक्षबागायतदारांनी अशा व्रणांचं आणखी एक कारण विशेष लक्षात ठेवावं. ते म्हणजे चुना. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना कालवताना उडालेला शिंतोडा डोळ्याचं अस्तर जाळतो. पुढे व्रण आक्रसून पापणी आत ओढली जाते आणि ती दुरुस्त करणं म्हातारपणच्या सैल पापणीपेक्षा कितीतरी कठीण जातं. तंबाखूच्या चुन्याची पुडी हातात दाबून खेळणाऱ्या पोरांच्याही डोळ्यात तो असाच उडतो. अशा वेळी आधी गाडी काढू नये. दूध, तूप, मध काही घालू नये. बोअरच्या नाहीतर नळाच्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवावा, मग नेत्रतज्ज्ञांकडे निघावं. चुन्याचा कण वरच्या पापणीखाली दडून राहतो, म्हणून डॉक्टर पापणी उलटी करून पाहतात आणि पुन्हा धुतात.