मुक्तस्रोत समुदायांतील आचारसंहिता

मुक्तस्रोत समुदायांतील आचारसंहिता : ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. ते घडविणारे लोक बहुधा परस्परांना न भेटलेले असतात व त्यांपैकी अनेक जण विनामोबदला काम करतात. अशा समुदायात सदस्यांनी कसे वागावे, गैरवर्तनाची तक्रार कोणाकडे करावी व तिचा निर्णय कसा व्हावा, हे ठरविणारे लेखी नियम म्हणजे आचारसंहिता होय.

नोकरीत अपमानित झालेल्या माणसाच्या तक्रारीची वा राजीनाम्याची नोंद राहते. स्वयंसेवक मात्र नुसता येईनासा होतो. त्यामुळे गैरवर्तनाने होणारी हानी सहसा मोजलीच जात नाही. जालना जिल्ह्यातील मंठा वा भोकरदन येथून पहिली दुरुस्ती पाठविणाऱ्या विद्यार्थ्यास जाहीर कुचेष्टा वाट्याला आली, तर तो दुसरी पाठवील असे नाही. कामाची तपासणी कठोर असावीच. परंतु दोष दाखविणे आणि व्यक्तीस हिणवणे या भिन्न गोष्टी होत.

लिनक्सचा प्रवर्तक लिनस टोरव्हाल्ड्स (१९६९– ) याची सहकाऱ्यांना लिहिलेली जहाल पत्रे कुप्रसिद्ध होती. २०१५ मध्ये लिनक्सने एक त्रोटक संहिता स्वीकारली. तिचा भर प्रामुख्याने कठोर तपासणीच्या समर्थनावर होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरव्हाल्ड्स याने आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली. त्याच सुमारास कोरलिन एमकी यांनी २०१४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ या मसुद्यावर आधारलेली नवी संहिता तेथे लागू झाली. डेबियन समुदायाने २०१४ मध्येच सदस्यांच्या मतदानाने संहिता मंजूर केली होती.

संहिता लिहिणे त्यामानाने सोपे. ती अंमलात आणणे अवघड. तक्रार गुप्त राखणे, आरोपीचा मित्र वा सहकारी असलेल्याने निर्णयातून बाजूला होणे, दोन्ही बाजू ऐकणे आणि ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी अशा चढत्या उपायांतून योग्य तो निवडणे, ही सर्वसाधारण रीत. खरी कसोटी लागते ती आरोपी समुदायाला अपरिहार्य वाटणारा असतो तेव्हा. रस्ट या आज्ञाभाषेच्या नियमनगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्रित राजीनामा दिला. मुख्य गट स्वतःखेरीज कोणासही उत्तरदायी नाही, असे कारण त्याने दिले. २०२३ मध्ये मुख्य गटाच्या जागी नेतृत्व परिषद आली.

मुक्त ज्ञाननिर्मितीच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उद्भवतो. विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०२१ मध्ये जाहीर केलेली सार्वत्रिक आचारसंहिता मराठी विकिपीडियासही (स्थापना २००३) लागू आहे. लहान भाषिक समुदायात तक्रारदार, आरोपी व प्रचालक बहुधा एकमेकांच्या परिचयाचे असतात. त्यामुळे स्थानिक समुदायाबाहेर दाद मागण्याची सोय तेथे विशेष महत्त्वाची ठरते.

भारतात कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात ‘कर्मचारी’ या संज्ञेत स्वयंसेवकांचाही समावेश आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेतील, किंवा खुद्द मालकाविरुद्धची, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते; जालन्यातील स्त्रीस ती साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत तेथे करता येते. मात्र ज्या प्रकल्पास मालक नाही, कार्यालय नाही व ज्याचे सदस्य अनेक देशांत विखुरलेले आहेत, तेथे हा अधिनियम लागू करणे कठीण आहे. लैंगिक स्वरूपाचा नसलेला अपमान व पुरुषांच्या तक्रारी तर त्याच्या कक्षेबाहेरच आहेत. अशा वेळी बहुधा समुदायाची स्वतःची संहिता व ती राबविणारी माणसे हाच तक्रारदाराचा आधार असतो.