डोंगरातील धक्के, वादळ आणि आपली पेढी

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. लालबागच्या आमच्या चाळीत फळीवरची पितळी भांडी एकाएकी खणखणू लागली. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. आजी नवकार मंत्र म्हणत अंथरुणात उठून बसली, वडीलधारी माणसे गॅलरीत जमली. वेळ होती चार वाजून एकवीस मिनिटे. आम्हांला जाणवला तो केवळ हेलकावा होता. खरा आघात सुमारे दोनशे किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या कुशीतील कोयनानगरवर झाला होता. तेथे सुमारे १८० माणसे दगावली आणि हजारो घरे पडली.

पुढे बँकेच्या नोकरीत माझी बदली नेमकी त्याच पाटण तालुक्यात झाली. तीन वर्षे डोंगराच्या पायथ्याशी राहिलो. कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यापासून त्या परिसरात लहानमोठे धक्के बसत आले आहेत. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल उतरणारे पाणी यांचा या धक्क्यांशी संबंध आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. पहिल्या आठवड्यातच रात्री खिडकीची तावदाने थरथरली. मी मात्र कपाटातील कागदपत्रे शोधत बसलो.

आमच्या घराचे मालक किराणा व्यापारी होते. १९६७ मध्ये त्यांचे दगडमातीचे घर जमीनदोस्त झाले होते. सकाळी ते म्हणाले, “साहेब, धक्का बसला की आधी अंगणात या. पैशाची पेटी मागाहून येईल.” त्यांच्या दुकानात तेलाचे डबे आणि गुळाच्या ढेपा जमिनीलगत असत, हलका माल तेवढा वर. मांडण्या भिंतीला पट्ट्यांनी जखडलेल्या. चोपड्या, दस्तऐवज आणि विम्याचे कागद एका कापडी पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. आपल्याकडे जिला जयणा म्हणतात, ती मी त्या दुकानात प्रत्यक्ष पाहिली.

वादळाचा अनुभवही डोंगरातच आला. टाळेबंदीमुळे आम्ही उभयता मुलीच्या लोणावळ्याच्या घरी अडकलो होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. सह्याद्रीची भिंत मध्ये आहे, घाटमाथ्यावर काय होणार, असे आम्ही समजत होतो. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही आणि त्याचा जोर ओसरतो, हे खरे. परंतु तो घाट चढेपर्यंत पुरता ओसरत नाही. दुपारनंतर झाडे कडाडू लागली, शेजारच्या घराचे पत्रे उडाले, वीज गेली. मावळ, मुळशी, जुन्नर भागांतही घरांची आणि शेतीची मोठी हानी झाली.

हे सारे आठवण्याचे कारण मुंबईतच घडले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. माझ्या परिचयातील परळच्या एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामाचे पत्रे त्या दिवशी उडाले आणि आठ लाखांचा माल भिजून वाया गेला. विमा होता, म्हणून ते निश्चिंत होते. हाती आले जेमतेम दोन लाख. गोदामात माल चाळीस लाखांचा होता, विमा मात्र दहा लाखांचा. कारण बँकेचे कर्ज तेवढेच होते. मालाच्या एक चतुर्थांश रकमेचाच विमा असेल, तर नुकसानही एक चतुर्थांशच भरून मिळते. बँकेने काढलेली पॉलिसी मुख्यतः बँकेच्या कर्जाचे रक्षण करते. अशा शेकडो पॉलिसींच्या कागदांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. ग्राहकाला समोर बसवून हे क्वचितच समजावून सांगितले, याची खंत आजही वाटते.

१ एप्रिल २०२१ पासून नियम काहीसे सुलभ झाले आहेत. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या दुकानासाठी वा गोदामासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. या पॉलिसींमध्ये आगीबरोबर भूकंप, वादळ आणि पूर यांचेही संरक्षण असते. व्यवसायाच्या या दोन पॉलिसींत विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जात नाही. परंतु रक्कम निम्मी वा चतुर्थांश लिहिली, तर जुनेच दुःख वाट्याला येते. दुकान पागडीचे असले, तरी आतील माल आणि फर्निचर आपले असते. त्याचा विमा आपणच उतरवायचा असतो.

आपली वस्ती बहुतांशी गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींत. कोयना भूकंपप्रवणतेच्या चौथ्या पट्ट्यात गणली गेली, तर मुंबई तिसऱ्या. म्हणजे आपणही निर्धास्त नाही. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छच्या भूकंपाने मुंबईही हलली, हे आपल्या कच्छी बांधवांना सांगायला नको. तरीही आपल्या पोटमाळ्यावर गोण्या रचलेल्या असतात आणि जिन्यात खोकी. डोंगरातील एकमजली घरातून अंगण दोन पावलांवर होते. चार मजली इमारतीत हादऱ्याच्या वेळी जिन्याकडे वा लिफ्टकडे धावणे घातक ठरते. भक्कम टेबलाखाली डोके झाकून बसावे, काचेपासून व मांडण्यांपासून दूर राहावे आणि हादरे थांबल्यावरच मोकळ्या जागी जावे.

दिवाळीला आपण चोपडापूजन करतो. त्याच दिवशी विम्याची पॉलिसी बाहेर काढून रक्कम मालाशी ताडून पाहावी, पोटमाळ्यावरचा भार खाली आणावा, जिना मोकळा करावा. प्रमाद टाळण्याची शिकवण आपण व्याख्यानांत नित्य ऐकतो. पाटणचे ते व्यापारी ती दुकानात पाळत असत. त्यांची ती कापडी पिशवी पाहून मीही घरी तशीच एक केली. ती आजही दाराजवळच्या खुंटीला टांगलेली आहे.