शाळेतलं नॅलॉक्सोन कुणाच्या हाताशी असावं? (लेखांक ४)

मागच्या लेखात बनावट गोळ्यांमध्ये फेंटानिल हे अतिशय तीव्र ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) कसं शिरतं ते पाहिलं. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दहांतल्या सात गोळ्यांमध्ये जीव घेऊ शकेल इतकी, म्हणजे निदान दोन मिलिग्रॅम, मात्रा होती. अशी गोळी घेतलेलं मूल शाळेतच कोसळलं तर? जानेवारी २०२२ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या एका शाळेत सातवीतला तेरा वर्षांचा मुलगा असाच कोसळला आणि दोन दिवसांनी दगावला. त्या शाळेत नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा अंमल उतरवणारं औषध, नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका हायस्कूलच्या स्वच्छतागृहात पंधरा वर्षांची मुलगी मृतावस्थेत सापडली आणि काही दिवसांतच तिथल्या शाळा प्रशासनाने सगळ्या शाळांना हे औषध पुरवायचं ठरवलं. न्यू जर्सीने तर २०१८ मध्येच नववी ते बारावीच्या शाळांना ते ठेवणं कायद्याने बंधनकारक केलं होतं. औषध शाळेत असावं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. पण ते नर्सच्या खोलीत कुलपात राहिलं, तर असून नसल्यासारखंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण शरीराच्या घड्याळात आहे. ओपिऑइडचा मारा होतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास चालता ठेवणाऱ्या केंद्रावर. मूल हाका मारूनही उठत नाही, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळलं तरी हलत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, घशातून घोरल्यासारखी घरघर येते, ओठ आणि नखं निळसर पडतात. सावळ्या कातडीवर हा रंग राखाडी दिसतो, त्यामुळे तो चटकन लक्षात येत नाही. श्वास थांबला की काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. नॅलॉक्सोनचा स्प्रे एका नाकपुडीत मारला की दोन-तीन मिनिटांत परिणाम दिसू लागतो. नाही दिसला तर दुसरा मारायचा. मधल्या वेळात ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा आणि तोंडाने श्वास द्यायचा. आता या मिनिटांतून नर्सला शोधण्याची, किल्ली आणण्याची मिनिटं वजा करा. शिवाय अनेक शाळांना पूर्णवेळ नर्सच नसते.

सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळातले दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांचे ओव्हरडोसने झालेले मृत्यू तपासले. जवळजवळ दोन तृतीयांश घटनांमध्ये कुणी ना कुणी आसपास होतं, आणि तरीही बहुतेकांकडून कसलीच मदत झाली नाही. कुणाला ती झोप वाटली, कुणाला काय घडतंय तेच कळलं नाही. याच अहवालाचा आधार घेऊन कुणी म्हणेल की निम्म्याहून अधिक मृत्यू घरीच झाले, मग शाळेवर हा भार कशाला? मला तर यात शाळेची गरज अधिकच दिसते. घरी, मित्राच्या खोलीत, पार्टीत शेजारी असतो तो दुसरा विद्यार्थीच. आणि त्याला ही लक्षणं शिकवू शकेल अशी जागा शाळेइतकी दुसरी नाही. जानेवारी २०२३ मध्ये लॉस एंजेलिसने विद्यार्थ्यांनाही स्प्रे जवळ बाळगायची मुभा दिली, ती म्हणूनच योग्य होती.

औषध हाताशी असलं की मुलं बेफिकीर होतील, ही भीती पालक बोलून दाखवतात. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण बनावट गोळी घेणाऱ्या मुलाला आपण फेंटानिल घेतोय हेच बहुधा ठाऊक नसतं. न कळलेल्या धोक्याबाबत त्याची बेफिकिरी वाढणार तरी कशी? शिवाय नॅलॉक्सोनने नशा मिळत नाही, असलेली उतरते, आणि व्यसन जडलेलं असेल तर उलट्या, थरथर, घाम असा त्रास होतो. शिक्षकांची धास्ती वेगळी असते: चुकून दिलं तर? शरीरात ओपिऑइड नसेल तर हे औषध जवळपास काहीच करत नाही. खरा धोका नंतरचा आहे. त्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून मूल उठून बसलं, "मी ठीक आहे" म्हणालं, तरी अँब्युलन्स येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.

न्यू जर्सीतल्या, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलंही याच शाळांत शिकतात. तिथल्या आईबाबांनी पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढंही विचारावं: स्प्रे नेमका कुठे आहे, वर्गशिक्षकांना तो वापरता येतो का, आणि नर्स रजेवर असेल त्या दिवशी किल्ली कुणाकडे असते?